जावा ८ वरून १७ वर: एका जुन्या कोर्बा सर्व्हरचं स्थलांतर

तुमच्याकडे अजून जावा ८ वर चालणारा कोर्बा सर्व्हर असेल आणि वरून "१७ वर न्या" असा मेल येऊन पडला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. कोर्बा म्हणजे वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या, वेगवेगळ्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी एकमेकांना कॉल करण्याचं एक जुनं मानक. आमचं काम गणपती उठल्यावर, सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व्हर नव्या जावावर उभा राहिला. एवढ्या महिन्यांत वेळ कुठे गेला, पैसे कुठे लागले आणि भीती कशाची वाटत होती, ते घडलं त्या क्रमाने सांगते.

आम्ही बसतो हिंजवडीत, ग्राहक जर्मनीतली एक दूरसंचार कंपनी. सर्व्हरचं काम नेटवर्कमधल्या उपकरणांची यादी आणि अलार्म पुरवण्याचं. दूरसंचार क्षेत्रात कोर्बा खोलवर रुजलेलं आहे. टीएमएफ ८१४ हा ट्रान्सपोर्ट नेटवर्कचा इंटरफेस आयडीएल या कोर्बाच्या इंटरफेस-वर्णनाच्या भाषेतच लिहिलेला आहे, आणि मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या व्यवस्थापन इंटरफेसांनाही कोर्बाचा पर्याय होता. त्यामुळे आमच्या सर्व्हरला जोडलेले क्लायंट वेगवेगळ्या कंपन्यांनी सी++ मध्ये लिहिलेले, आणि त्यांच्या कोडला हात लावायचा अधिकार आम्हाला नाही. सर्व्हर मात्र २००१ पासूनचा, जावातला, आणि जेडीकेबरोबर (जावाच्या विकाससंचाबरोबर) फुकट येणाऱ्या ओआरबीवर, म्हणजे कोर्बाचे कॉल इकडून तिकडे पोचवणाऱ्या लायब्ररीवर, उभा.

अडचण तिथेच होती. जावा ९ मध्ये कोर्बाचं मॉड्यूल "पुढे काढणार" म्हणून जाहीर झालं आणि जेईपी ३२० या जावाच्या बदल-प्रस्तावानुसार सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये ते खरंच काढलं. नुसती लायब्ररी गेली नाही. आयडीएलपासून जावा कोड बनवणारं आयडीएलजे गेलं, नेमिंग सर्व्हिस (नावावरून ऑब्जेक्टचा पत्ता देणारी सेवा) चालवणारं ओआरबीडी गेलं, टीनेमसर्व्ह गेलं. पहिल्याच दिवशी १७ च्या कंपायलरवर कोड टाकला तर "ओआरजी ओएमजी कोर्बा हे पॅकेज अस्तित्वात नाही" या ओळीने स्क्रीन भरून वाहिली. ते बघून पोटात गोळा आला, हे खरं. पण त्या एररच्या ढिगाला घाबरण्यात अर्थ नसतो. बाहेरच्या ओआरबीचा जार (लायब्ररीची फाइल) जोडला की त्यातल्या बहुतेक ओळी जातात आणि खरं काम त्यानंतर दिसायला लागतं.

पर्याय तीन होते. पहिला, जावा ८ वरच राहून पैसे भरून सपोर्ट घ्यायचा. ग्राहकाच्या सुरक्षा ऑडिटने तो नाकारला. दुसरा, सगळं आरईएसटी किंवा जीआरपीसी या अलीकडच्या पद्धतींवर नव्याने लिहायचं. पण मग समोरच्या प्रत्येक कंपनीने आपला क्लायंट बदलायला हवा, आणि त्याचा खर्च कोण देणार यावरच वर्ष गेलं असतं. तिसरा, बाहेरचा ओआरबी आणायचा. एका व्यावसायिक ओआरबीचं कोटेशन मागवलं. ते कोअरच्या हिशोबाने होतं आणि टेस्ट सर्व्हरनाही लागू होतं, त्यामुळे मॅनेजरने ते एकदा वाचून बाजूला ठेवलं. शेवटी जॅकओआरबी ठरलं. जावात लिहिलेलं, ओपन सोर्स, लायसन्सचा खर्च शून्य.

खर्च शून्य असला तरी परवानगी लागते. जॅकओआरबी एलजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली येतं, आणि आमच्या कंपनीत एलजीपीएल म्हटलं की ओपन सोर्स समितीचा फॉर्म भरावा लागतो. लायब्ररीत बदल करणार का? जार वेगळा राहणार की आपल्या जारमध्ये मिसळणार? ग्राहकाला बायनरी देणार का? दिली तर लायसन्सची प्रत कुठे ठेवणार? ग्राहकाच्या कायदा विभागाचा वेगळा फॉर्म, त्यात जवळजवळ हेच प्रश्न वेगळ्या क्रमाने. जार स्वतंत्र ठेवू, त्यात बदल करणार नाही, असं स्पष्ट लिहिल्यावर प्रश्न कमी झाले. तरी दसऱ्याच्या आधी दिलेला अर्ज मंजूर व्हायला दिवाळी उलटली. म्हणून पहिली सूचना हीच: कोडची एक ओळ लिहायच्या आधी हा फॉर्म भरा. मंजुरी येईपर्यंत ऑफिसच्या मशीनवर जार उतरवता येत नव्हता, म्हणून मी घरी एक छोटी क्लाउड मशीन भाड्याने घेतली, महिन्याला साधारण हजार रुपये, आणि तिथे स्वतःच्या खेळण्यातल्या आयडीएलवर सराव केला. कंपनीचा कोड अर्थातच तिथे नेला नाही. त्या सरावाचा पुढे फार उपयोग झाला.

हा सर्व्हर मुळात ज्यांनी बांधला ते आमचे जुने टेक लीड आता निवृत्त आहेत, कोथरूडला राहतात. त्यांना फोन केला. म्हटलं, "सर, इम्प्लबेस काढून सगळं पीओएवर न्यायचंय." ते म्हणाले, "अगं, कोड होईल. आधी बघ, कुणाकडे आपले रेफरन्स पडलेत आणि ते किती दिवस जपून ठेवतात." रेफरन्स म्हणजे सर्व्हरमधल्या ऑब्जेक्टचा क्लायंटकडे असलेला पत्ता. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावरच उभे राहिले.

इम्प्लबेस म्हणजे काय, ते थोडक्यात: आयडीएलजे बनवून द्यायचं तो सर्व्हरच्या बाजूचा जुना पायाभूत क्लास, पीओएच्या आधीच्या काळातला. सुरुवातीच्या कोर्बात सर्व्हरच्या बाजूला बीओए, म्हणजे बेसिक ऑब्जेक्ट अडॅप्टर होता, आलेला कॉल योग्य ऑब्जेक्टपर्यंत नेणारा भाग. त्याचं स्पेसिफिकेशन इतकं सैल होतं की प्रत्येक ओआरबीवाल्याने मोकळ्या जागा आपापल्या पद्धतीने भरल्या. क्लायंटचा कोड एका ओआरबीवरून दुसऱ्यावर सहज जायचा, सर्व्हरचा जायचा नाही. ते निस्तरायला १९९८ मध्ये कोर्बा २.२ मध्ये पीओए, पोर्टेबल ऑब्जेक्ट अडॅप्टर आला. जेडीकेमध्ये तो १.४ पासून, २००२ मध्ये मिळाला. आमचा सर्व्हर त्याआधीचा. १.४ आल्यावर कुणीतरी आयडीएलजेला "ओल्ड इम्प्लबेस" हा पर्याय दिला आणि जुनाच कोड पुढे वीस वर्षं चालत राहिला. जॅकओआरबीवर जायचं तर ही उसनवारी फेडणं भाग होतं.

नोव्हेंबर या कामात गेला. जुन्या पद्धतीत क्लास इम्प्लबेसमधून निघायचा आणि तो स्वतःच कोर्बा ऑब्जेक्ट असायचा. त्याला ओआरबीच्या कनेक्टमध्ये दिलं की झालं, आणि परत पाठवायचा असेल तर सरळ "धिस" पाठवायचं. पीओएमध्ये सर्व्हंट (प्रत्यक्ष काम करणारा जावा ऑब्जेक्ट) वेगळा आणि ऑब्जेक्टचा रेफरन्स वेगळा. त्यामुळे जिथे जिथे "धिस" बाहेर जात होतं, तिथे कंपायलर अडला. हे चांगलंच आहे, एकही जागा सुटत नाही. ज्या क्लासांना आधीच दुसरा पॅरेंट होता त्यांना टाय पद्धत वापरली: पीओए-टाय क्लास पुढे उभा राहतो आणि काम आपल्या ऑपरेशन्स इंटरफेसकडे ढकलतो.

इथे एक धोका आहे, तो नीट सांगते. "धिस"च्या जागी "अंडरस्कोर धिस" लिहिलं की कंपायलर गप्प बसतो. पण चालू कॉलच्या बाहेरून, उदाहरणार्थ सर्व्हर सुरू होताना, ते बोलावलं तर सर्व्हंट त्याच्या डीफॉल्ट पीओएवर नोंदला जातो, आणि आपण वेगळं सांगितलं नसेल तर तो डीफॉल्ट म्हणजे रूट पीओए. रूट पीओएचं लाइफस्पॅन, म्हणजे रेफरन्सचं आयुष्य, कायम ट्रान्झिएंट: सर्व्हर चालू असेपर्यंतच. म्हणजे तुम्ही पर्सिस्टंट (सर्व्हर बंद-चालू झाला तरी रेफरन्स टिकवणाऱ्या) पॉलिसीचा सुंदर पीओए बनवलेला असतो, पण बाहेर गेलेला रेफरन्स सर्व्हर बंद होताच मरतो. आणि टेस्टमध्ये सगळं हिरवं, कारण टेस्टमध्ये मध्येच कुणी सर्व्हर बंद करून सुरू करत नाही. आम्ही नियमच केला: "अंडरस्कोर धिस" कुठेही वापरायचं नाही. आयडी देऊन ऑब्जेक्ट ॲक्टिव्हेट करायचा किंवा पीओएकडून रेफरन्स मागायचा. आणि प्रत्येक टेस्टच्या मधोमध सर्व्हर एकदा बंद-चालू करायचा.

मग पॉलिसी. पीओएच्या सात पॉलिसी, म्हणजे वागण्याचे नियम, असतात आणि त्या पुस्तकात वाचताना अमूर्त वाटतात. सरांचा प्रश्न समोर ठेवला की त्या आपोआप जागेवर बसतात. आमच्याकडे तीन प्रकारचे ऑब्जेक्ट निघाले.

मुख्य मॅनेजर ऑब्जेक्ट मोजके, पण क्लायंट त्यांचे रेफरन्स महिनोन्महिने धरून ठेवणार. त्यांना पर्सिस्टंट आणि युजर आयडी. आयडी आपण ठरवायचा म्हणजे सर्व्हर पुन्हा उठल्यावर तोच आयडी तोच ऑब्जेक्ट दाखवतो. आयडी म्हणजे बाइटची रांग असते, म्हणून नावावरून बाइट काढताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. जावा १७ मध्ये डीफॉल्ट कॅरेक्टर सेट अजून मशीनवर अवलंबून आहे, तो सगळीकडे यूटीएफ-८ झाला १८ पासून.

नेटवर्कमधली उपकरणं हजारोंनी. प्रत्येकासाठी मेमरीत एक सर्व्हंट ठेवणं परवडणारं नव्हतं. जुना कोड तेच करत होता आणि म्हणून सुरू व्हायला चहा पिऊन यावं इतका वेळ घेत होता. इथे नॉन-रिटेन (पीओए सर्व्हंटची नोंद ठेवत नाही), डीफॉल्ट सर्व्हंट आणि मल्टिपल आयडी. एकच सर्व्हंट सगळ्यांसाठी उभा, कॉल आला की पीओए करंटला विचारायचं "हा कोणासाठी आहे?", आयडी मिळतो, त्यावरून डेटाबेसमधून माहिती काढायची. सर्व्हरचं सुरू होणं यामुळे इतकं हलकं झालं की ऑपरेशन्सच्या लोकांनी आपणहून विचारलं, काय केलंत म्हणून. या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हा.

तिसरे इटरेटर. मोठी यादी तुकड्या-तुकड्याने देणारे, आयुष्य काही मिनिटांचं. त्यांना ट्रान्झिएंट, सिस्टिम आयडी, रिटेन, आणि क्लायंट विसरला तरी ठरावीक वेळाने डीॲक्टिव्हेट करणारा टायमर.

पॉलिसींची जोडी चुकली तर पीओए बनतानाच इनव्हॅलिड पॉलिसी एक्सेप्शन येतं. त्यात एक इंडेक्स असतो, आपण दिलेल्या यादीतली कितवी पॉलिसी खटकली ते सांगणारा. लॉगमध्ये तो छापा. डीफॉल्ट सर्व्हंटला मल्टिपल आयडी लागतंच. इम्प्लिसिट ॲक्टिव्हेशनला सिस्टिम आयडी आणि रिटेन दोन्ही लागतात.

आणि क्लायंट नुसता लटकत असेल, ना उत्तर ना एरर, तर आधी पीओए मॅनेजर बघा. तो जन्मतः होल्डिंग अवस्थेत असतो आणि ॲक्टिव्हेट केल्याशिवाय आलेले कॉल रांगेत धरून ठेवतो. मुख्य म्हणजे, चाइल्ड पीओए बनवताना मॅनेजरच्या जागी नल दिलं तर त्याला स्वतःचा नवा मॅनेजर मिळतो, तोही होल्डिंगमध्येच. रूटचा मॅनेजर ॲक्टिव्हेट करून त्याला जाग येत नाही.

डिसेंबरमध्ये जावाच्या दोन आवृत्त्यांचा संसार. तुलनेसाठी जॅकओआरबी जावा ८ वरही चालवायचं होतं. तिथे जेडीकेचे स्वतःचे ओएमजी क्लास आधी उचलले जातात, म्हणून जॅकओआरबीचे जार बूट क्लासपाथच्या पुढे घालावे लागतात. तोच पर्याय १७ ला दिला तर व्हीएम सुरूच होत नाही. सुरू करायच्या स्क्रिप्ट सरळ दोन ठेवा. जावाएक्स आरएमआयचं पॅकेजही कोर्बाबरोबर गेलेलं आहे, आमच्या जुन्या कोडला ते लागत होतं, त्याचा जार वेगळा जोडला. बिल्डमध्ये एक तपासणी घातली: आमच्या कोडमध्ये कॉम सन कोर्बा किंवा ओआरजी जॅकओआरबी यांचं इम्पोर्ट सापडलं तर बिल्ड फेल. मग तोच कोड ग्लासफिश या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या ओआरबीवरही उभा करून पाहिला आणि बदलावी लागली ती फक्त प्रॉपर्टी फाइल. ते पाहिलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

पण ती प्रॉपर्टी फाइल हेच खरं ओझं. पीओएने कोड पोर्टेबल केला, पत्ता नाही केला. रेफरन्सच्या आतली, ऑब्जेक्ट ओळखणारी ऑब्जेक्ट की कशी बनवायची हे प्रत्येक ओआरबी आपलं आपण ठरवतो, म्हणून जुन्या ओआरबीचा रेफरन्स नव्यावर चालत नाही. जॅकओआरबीमध्ये त्या कीची सुरुवात "इम्पलनेम" या प्रॉपर्टीपासून होते. ती दिली नाही तर पर्सिस्टंट पीओए बनतच नाही, आणि एकदा दिलेली पुन्हा बदलली तर बाहेर गेलेले सगळे पर्सिस्टंट रेफरन्स निकामी. जोडीला ओएपोर्ट ही प्रॉपर्टी देऊन पोर्ट पक्का करायचा. या दोन्हींची किंमत आम्ही ग्राहकाच्या करारातल्या इंटरफेस दस्तऐवजात लिहून घेतली, म्हणजे पुढच्या माणसाने त्या सहज बदलू नयेत.

जुने रेफरन्स ट्रान्झिएंटच होते, त्यामुळे सर्व्हर उठला की क्लायंट नेमिंग सर्व्हिसकडून नवे घेत होते. म्हणजे जपायचा होता फक्त नेमिंग सर्व्हिसचा पत्ता. बहुतेक क्लायंट कोर्बालॉक पत्ता वापरत होते: होस्ट, १०५० पोर्ट, आणि "नेमसर्व्हिस" ही की. जॅकओआरबीच्या नेमिंग सर्व्हिसची स्वतःची की वेगळी आणि लांबलचक असते, पण ऑब्जेक्ट की मॅपच्या प्रॉपर्टीने "नेमसर्व्हिस" हे छोटं नाव तिला जोडता येतं. क्लायंटना फरक कळलाही नाही. एका क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये मात्र ओआरबीडीचा अख्खा आयओआर, म्हणजे मजकुराच्या रूपातला रेफरन्स, ती "आयओआर" अक्षरांनी सुरू होणारी हेक्सची भलीमोठी ओळ, चिकटवलेला निघाला. ती एक ओळ बदलायला त्या कंपनीकडे चेंज रिक्वेस्ट, तिचा अंदाजपत्रकी खर्च, ग्राहकाची मंजुरी, आणि त्यात नाताळाचा फ्रीझ (बदलांना बंदी). जानेवारीचा बराचसा भाग त्याची वाट बघण्यात गेला. अशा ओळी शोधायचं काम सप्टेंबरमध्येच करा.

आयओआर वाचायची सवय लावून घ्या. जॅकओआरबीबरोबर डीआयओआर हे साधन येतं, ओम्नीओआरबी या सी++ ओआरबीबरोबर कॅटआयओआर. ओळ दिली की आतला होस्ट, पोर्ट आणि की दिसते. आमच्या नव्या डेबियन मशीनवर पहिलाच आयओआर उलगडला तर होस्ट १२७.०.१.१. डेबियन आपल्या होस्टनावाला होस्ट्स फाइलमध्ये हाच पत्ता देतं, आणि ओआरबी तोच रेफरन्समध्ये भरून जगाला वाटतो. त्याच मशीनवरून टेस्ट केली तर सगळं चालतं, म्हणून टेस्ट क्लायंट नेहमी दुसऱ्या मशीनवर आणि शक्यतो दुसऱ्या ओआरबीवर ठेवा. आमचा ओम्नीओआरबीवर होता. ग्राहकाच्या एका जागी मध्ये नॅट (आतले पत्ते बाहेर बदलून दाखवणारी व्यवस्था) होतं. तिथे नेमिंग सर्व्हिस मिळायची आणि पुढचाच कॉल ट्रान्झिएंट एक्सेप्शन देऊन पडायचा, कारण रेफरन्समध्ये आतला १० ने सुरू होणारा पत्ता. आयओआर प्रॉक्सी होस्ट ही प्रॉपर्टी त्यासाठीच आहे.

अक्षरांचा प्रश्न मला आधीपासून धास्तावत होता. जर्मन ठिकाणांची नावं, म्युन्शेन, क्योल्न, यांत उमलाउट असतात. लॅटिन-१ मध्ये "ü" म्हणजे एफसी हा एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये सी३ आणि बीसी असे दोन. जुन्या मशीनची लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) लॅटिन-१ होती, नव्या कंटेनरची नुसती "सी". नवीन क्लायंट ओआरबीशी कोडसेट ठरवून घेतात, पण जीआयओपी (कोर्बाचा संदेश-प्रोटोकॉल) १.० बोलणाऱ्या क्लायंटमध्ये ती बोलणीच नसते, तिथे लॅटिन-१ च धरायचं. जॅकओआरबीचा नेटिव्ह कॅरेक्टर कोडसेट लॅटिन-१ असा लिहून टाकला आणि वायरशार्क या नेटवर्क-तपासणीच्या साधनात प्रत्यक्ष बाइट बघितले. "जीआयओपी" ही चार अक्षरं पॅकेटच्या तोंडाशीच असतात, फिल्टर लावायला सोपं जातं. एफसी दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला.

फायरवॉलचा अर्ज जानेवारीत गेला. जुना सर्व्हर कुठलाही मोकळा पोर्ट घ्यायचा म्हणून वर्षानुवर्षं मोठी रेंज उघडी होती. आता दोनच पोर्ट मागितले, नेमिंगचा आणि सर्व्हरचा, तर सुरक्षा विभागाने अर्ज पटकन मंजूर केला. अलार्म पोचवताना सर्व्हर उलट क्लायंटकडे कनेक्शन उघडतो, तो उलट दिशेचा नियम फॉर्ममध्ये वेगळ्या ओळीत लिहावा लागतो.

बदल समितीपुढे दोनदा बसावं लागलं. त्यांचा मुख्य प्रश्न: मागे कसं जाणार? उत्तर तयार होतं. जुना सर्व्हर आणि ओआरबीडी जसेच्या तसे ठेवलेले, पत्ता एकच, त्यामुळे परत फिरायला नवं बंद करून जुनं सुरू करायचं. फक्त तो हेक्सच्या ओळीवाला क्लायंट हाताने बदलावा लागणार होता, तेही लिहून दिलं.

बदलाची विंडो (ठरवून दिलेली वेळ) मिळाली शनिवारी रात्री दहाची, जर्मन वेळेने. म्हणजे आपली रविवारची पहाट, अडीच. चहाचा थर्मास आणि चेकलिस्ट घेऊन घरूनच बसले. नेमिंग सर्व्हिस उठली, सर्व्हर उठला, एकेक क्लायंट जोडला जाताना लॉगमध्ये दिसू लागला. मग ठरल्याप्रमाणे सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. क्लायंटांनी धरून ठेवलेले रेफरन्स न तुटता चालू राहिले. या सर्व्हरच्या बाबतीत हे पहिल्यांदाच होत होतं. समोरच्या कॉलवरच्या जर्मन सहकाऱ्याने आणखी एकदा बंद-चालू करायला सांगितलं, आम्ही केलं, आणि पावणेसहाला विंडो बंद झाल्याचा मेल आला. सोमवारी सकाळी सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी पोर्ट कोणता ठेवला ते विचारलं.

एक काम अजून चालू आहे: फायरवॉलमधली जुनी रेंज बंद करणं. त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो, आणि त्या रेंजमधून काही आठवडे एकही कनेक्शन आलं नाही हे दाखवणारा लॉग जोडावा लागतो. तुमचं स्थलांतर झालं की त्याच आठवड्यात तो लॉग गोळा करायला लावा.